आळशी कोण? डोळा की आपण?

गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सलाम सर. एक व्हिडिओ भेजा मैं, देखो ना जरा." व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या कोटातला एक माणूस, खुर्चीत बसलेली एक मुलगी, तिच्या डोक्याला पट्टा आणि पट्ट्यातून निघालेल्या दोन वायरी. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ऑपरेशन नाही, औषध नाही, कोणत्याही वयात आळशी डोळा बरा. 15 बैठका, फी 45 हजार. पोराचा प्रश्न एवढाच होता, "सर, भरूं क्या?"

हा मुलगा 24 वर्षांचा आहे. औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका भरतीत धावणं, लेखी परीक्षा सगळं पार करून तो वैद्यकीय तपासणीत बाहेर पडला. त्याचा उजवा डोळा जवळजवळ नावालाच आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दिसायला दोन्ही डोळे सारखे, तिरळेपणा अजिबात नाही. घरच्यांना पत्ता नव्हता आणि त्याला स्वतःलाही नव्हता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला: लेझी आय आहे, आता वय निघून गेलं, काही होणार नाही.

एकीकडे हे वाक्य, दुसरीकडे तो व्हिडिओ. एक म्हणतो काहीच होणार नाही, दुसरा म्हणतो सगळं होईल, पैसे भरा. हा लेख या दोघांच्याही विरोधात आहे. तिसरा एक आरोपी आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

ते पहिलं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मलाही ऐकवलं गेलंय. बीएड करत होतो तेव्हाची गोष्ट. एका मित्राच्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं. तिथं बसल्या बसल्या गंमत म्हणून एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लागलो. डाव्या डोळ्यानं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं. लहानपणी माझी डावी नजर किंचित फिरायची. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, अशी नजर भाग्याची असते. अम्मी मिरच्या ओवाळून नजर उतरवायची. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. त्या भाग्याचा मला झालेला लाभ म्हणजे क्रिकेटमध्ये माझ्या दिशेनं आलेला प्रत्येक कॅच सुटायचा आणि आजही चहा ओतताना कपाची कड मी बोटानं चाचपतो. मित्राच्या भावानं मला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "सहा-सात वर्षांचे असताना आणायला हवं होतं." मी तेव्हा 23 वर्षांचा होतो. यावर माणसानं काय उत्तर द्यावं?

आता जरा नीट समजून घेऊ. अँब्लिओपिया, ज्याला आपण आळशी डोळा म्हणतो, त्यात डोळा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पडदा ठीक, नस ठीक, बाहुली ठीक. गडबड असते मेंदूत. लहान मुलाच्या मेंदूला दोन डोळ्यांकडून दोन चित्रं मिळतात आणि त्यांचं एक चित्र करायला तो शिकत असतो. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल, किंवा डोळा तिरळा असेल, किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा पापणी खाली लोंबत असेल, तर त्या बाजूचं चित्र धूसर किंवा भलत्याच ठिकाणचं येतं. मेंदू मग व्यवहारी माणसासारखा वागतो. चांगलं चित्र ठेवतो, वाईट दाबून टाकतो. हे वर्षानुवर्षं चाललं की त्या डोळ्यासमोर पुढे योग्य नंबरची काच धरली तरी नीट दिसत नाही, कारण काच डोळ्यापुढे आहे आणि दाबणारा मागे, कवटीत बसलाय. म्हणून 'आळशी डोळा' हे नावच मला पटत नाही. डोळा बिचारा रोज हजेरी लावतो, हजेरीपटावर त्याचं नाव घेतलं जात नाही.

जगभरातल्या पाहण्यांत याचं प्रमाण साधारण शंभरात 1 ते 4 असं येतं. म्हणजे 400 मुलांच्या शाळेत 4 ते 16 मुलं. आपल्या शाळेत ती कोण आहेत, हे किती मुख्याध्यापकांना सांगता येईल?

'वय निघून गेलं' हे वाक्य आलं कुठून? 1960च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराच्या बाबतीत हेच केलं तर तसं काही झालं नाही. यावरून मेंदूच्या घडणीला एक ठरावीक कोवळा काळ असतो हे सिद्ध झालं. 1981 साली दोघांना नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. पण या प्रयोगातून दवाखान्यापर्यंत येताना गोष्टीची चव बदलली. कोवळ्या काळात बिघाड होतो, हे त्यांनी दाखवलं होतं. त्या काळानंतर दुरुस्ती अशक्य, हा पुढचा अर्थ आपण लावला. सातव्या-आठव्या वर्षी दरवाजा बंद होतो, असा नियमच होऊन बसला आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टर तो घोकत राहिले. घोकंपट्टीचा दोष फक्त मदरशांना आणि आमच्या शाळांना देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हा नियम मोडायला फार अवघड यंत्रं लागली नाहीत. अमेरिकेत बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटानं 7 ते 17 वयाच्या 507 मुलांवर चाचणी घेतली आणि 2005 साली निष्कर्ष छापले. 7 ते 12 वयाच्या मुलांना चष्म्यासोबत पट्टी आणि थेंबांचा उपचार दिला तर 53 टक्के मुलांत चांगली सुधारणा झाली. नुसत्या चष्म्यावर ती 25 टक्क्यांत झाली. 13 ते 17 वयात एकूण फरक पडला नाही, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाला नव्हता, त्यांच्यातल्या 47 टक्क्यांना पट्टीचा फायदा झाला, नुसत्या चष्म्यावर 20 टक्क्यांना. कधीच उपचार न झालेली मुलं म्हणजे कोण? आपलीच मुलं. आमच्या तालुक्यात तेरा वर्षांचं पोर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जातं, तेही डोकं दुखतं म्हणून. त्याला 'उशीर झाला' म्हणून परत पाठवणारा डॉक्टर 2005च्या मागे राहिलेला आहे.

आता त्या डोक्याच्या पट्ट्याकडे येऊ, कारण त्यामागे खरं विज्ञान आहे आणि म्हणूनच त्याची फसवणूक जास्त घातक आहे.

कवटी न उघडता मेंदूला चालना देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात आणि त्यातून झटक्याझटक्यानं वीज सोडतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतल्या पेशींत बारीकसा करंट तयार होतो. दहावीच्या विज्ञानात फॅरेडे शिकवतो तेच तत्त्व. हिला टीएमएस म्हणतात. दुसरी पद्धत साधी: ओल्या स्पंजाचे दोन इलेक्ट्रोड डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी सौम्य करंट काही मिनिटं सोडायचा. ही टीडीसीएस. दोन्हींत आळशी डोळ्यासाठी निशाणा असतो डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं दृष्टीचं केंद्र आहे.

2008 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात बेंजामिन थॉम्पसन, रॉबर्ट हेस आणि सहकाऱ्यांनी आळशी डोळ्याच्या मोजक्या प्रौढांवर टीएमएस वापरून पाहिलं. त्या डोळ्याची फिकट आणि गडद यातला फरक ओळखण्याची क्षमता काही वेळापुरती वाढली. काही वेळापुरतीच, पण वाढली. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या होत्या, खोटं कशाला सांगू! ज्या डोळ्याची फाइल माझ्या 23व्या वर्षी बंद झाली, त्याचे धागे मेलेले नाहीत, दाबलेले आहेत, असा याचा अर्थ होता. 2013 साली त्याच प्रयोगशाळेतून आणखी एक अभ्यास आला. सलग पाच दिवस टीएमएस दिल्यावर सुधारणा काही आठवडे टिकली, जास्तीत जास्त 78 दिवस. त्याच वर्षी 16 प्रौढांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात टीडीसीएस आणि दोन्ही डोळ्यांना एकत्र कामाला लावणारा व्हिडिओ गेम एकत्र दिले, तेव्हा वस्तूची खोली ओळखण्यात नुसत्या गेमपेक्षा जास्त फरक पडला.

संख्या पाहिल्या ना? मोजके, मग 16. उपचार म्हणून बाजारात उभं राहायला एवढ्यानं भागत नाही. विज्ञानाच्या भाषेत ही दारावरची टकटक आहे, त्या दाराची किल्ली अजून कुणाच्या हातात नाही. अशा टकटकीचं पुढे काय होऊ शकतं, याचं उदाहरण त्याच व्हिडिओ गेमचं आहे. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत तो गेम चमत्कार वाटत होता. मग 115 जणांवर नीट चाचणी झाली. सात वर्षांपासून प्रौढांपर्यंत सगळे त्यात होते. निम्म्यांना खरा गेम, निम्म्यांना तसाच दिसणारा पण उपचार नसलेला गेम, सहा आठवडे. 2018 साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. शास्त्रज्ञांनी तो निकाल स्वतःच छापला, लपवला नाही. त्यांच्याबद्दल माझा आदर तिथं दुप्पट झाला.

आणि आपल्याकडे काय चाललंय? तिकडे प्रयोगशाळेत प्रश्न विचारला जातोय आणि इकडे उत्तर विकलं जातंय. पट्ट्यावाल्याची युक्ती समजून घ्या. तो खोटं एकही वाक्य बोलत नाही, अर्धी वाक्यं बोलतो. 'मेंदूला चालना दिल्यानं आळशी डोळ्याची दृष्टी वाढते' हे अर्धं वाक्य. किती जणांची, कितीने, किती दिवस, हे उरलेलं अर्धं गायब. 'यंत्राला एफडीएची मान्यता आहे' हेही अर्धंच. अमेरिकेच्या एफडीएनं 2008 साली टीएमएसला मान्यता दिली ती नैराश्यासाठी, तीही औषधानं गुण न आलेल्या प्रौढांसाठी. त्याचा आळशी डोळ्याशी काय संबंध? (आमच्या गावात एफडीए म्हटलं की लोकांना बनावट पनीरवर धाड टाकणारे साहेब आठवतात. बहुतेकांना वाटतं, त्यांनीच पट्टा तपासला असेल.)

धोकेही सांगितले जात नाहीत. टीएमएसमध्ये फिट येण्याची शक्यता कमी असली तरी असते. ज्याला मिरगी आहे किंवा डोक्यात धातूचं काही बसवलेलं आहे, त्याच्यावर ते असं सहज वापरायचं नसतं. स्वस्तातल्या टीडीसीएसनं कातडी भाजल्याच्या घटना आहेत. पण सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. तिरळ्या माणसाच्या मेंदूनं एक चित्र दाबून ठेवलंय म्हणून त्याला एक दिसतंय. ते दाबणं नीट विचार न करता सैल केलं आणि डोळे एका दिशेला आणलेच नाहीत, तर दोन-दोन दिसायला लागू शकतं, आणि ते नंतर थांबवणं फार कठीण. आधी एका डोळ्यानं का होईना, रस्ता एकच दिसत होता. आता दोन ट्रक समोरून येतायत आणि खरा कुठला ते कळत नाही. 45 हजारांत हे घरी न्यायचं?

माझ्या काही मित्रांना वाटेल, मग डॉक्टर बरोबरच म्हणत होते. नाही. मला त्यांचंही भांडण मिटवायचं नाही.

'काही होणार नाही' हे सांगणं सोपं आहे, कारण त्यानं पुढचा पेशंट लवकर आत येतो. पण त्या वाक्यानं काय काय बंद होतं बघा. एक तर मोठ्यांचा चष्मा बंद होतो. योग्य नंबर लावून काही महिने सलग चष्मा घातल्यानं काही प्रौढांची आळशी डोळ्याची नजर थोडी सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय. माझ्या त्या विद्यार्थ्याला तर नंबरच काढून दिला नव्हता. उपयोग काय, म्हणून. दुसरं, चांगल्या डोळ्याची काळजी बंद होते. ज्याचा एक डोळा आळशी आहे, त्यानं कामावर मजबूत पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. हा पोरगा लेथवर आहे. लोखंडाचा कीस उडतो. त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आणि तिसरं, संशोधन बंद होतं. ज्या पेशंटला आपण हातातून सोडलेलं आहे, त्याच्यावर चाचणी कोण घेणार?

खरं म्हणजे मोठ्यांचा मेंदू बदलू शकतो, याचे पुरावे यंत्रं येण्याआधीपासून नेत्रतज्ज्ञांसमोर होते. ज्यांचा चांगला डोळा पुढे अपघातात किंवा आजारात गेला, अशा काही प्रौढांच्या आळशी डोळ्याची नजर त्यानंतर आपोआप सुधारली, याच्या नोंदी आहेत. सगळ्यांची नाही, काहींची. पण 'दरवाजा बंद' असता तर एकाचीही सुधारली नसती. आणि अमेरिकेतल्या सुसान बॅरी. मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक, लहानपणापासून तिरळ्या, तीन ऑपरेशनं झालेली. कोवळा काळ संपला की संपलं, हे त्यांच्याच विषयातलं पक्कं मत. 48व्या वर्षी डोळ्यांच्या व्यायामानं त्यांना पहिल्यांदा खोली दिसू लागली. 2006 साली ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि पुढे त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं. त्यांचा डोळा माझ्यासारखा आळशी नव्हता आणि करंटचा इथं काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, नाही तर पट्टेवाले त्यांचाही फोटो लावतील.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती कागदाची. एक डोळा असलेल्या माणसाला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही. पोलीस, सैन्य, गाडी चालवण्याची नोकरी अशा ठिकाणी दोन्ही डोळे मोजले जातात. तिथं तो नापास. मग तो दिव्यांग आहे का? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. आणि टक्केवारीचा हिशोब असा की एक डोळा पूर्ण गेलेला असला तरी दुसरा चांगला असेल तर 30 टक्के धरायचे. म्हणजे भरतीच्या टेबलावर तू अधू आहेस आणि प्रमाणपत्राच्या टेबलावर तू धडधाकट आहेस. अशा माणसाला आठ-दहा वर्षांच्या स्वप्नाचा चुराडा झाल्यावर रात्री अकरा वाजता कुणी दोन वायरींचा पट्टा दाखवला, तर तो पैसे भरणार नाही तर काय करणार? पट्टेवाल्याचं गिऱ्हाईक तयार करायचं काम आधीच झालेलं असतं.

आमच्या समाजाबद्दलही बोललं पाहिजे. इब्न अल-हैसमचं नाव घेताना आमची छाती फुगते. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या या माणसानं सांगितलं की प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो तेव्हा दिसतं, आणि दिसलेल्याचा अर्थ आत लावला जातो. जलशात वक्ता हे सांगतो, आम्ही सुभानल्लाह म्हणतो. आणि घरी येऊन मुलीचा चष्मा कपाटात लपवतो, कारण पाहुणे बघायला येणार आहेत. माझ्या वर्गातल्या किती मुलींना शाळेत चष्मा आणि घरी बिनचष्मा असं जगताना पाहिलंय, त्याची मोजदाद नाही. पट्टी लावून बाहेर गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून सहा वर्षांच्या मुलीची पट्टी बंद करणारी आई मला भेटली आहे. 'अल्लाह की मर्जी' म्हणत तिनं ती बंद केली. इलाज करून घेणं हाही दीनचा भाग आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही, गप्प बसलो.

आता तिसऱ्या आरोपीकडे.

त्या विद्यार्थ्याला फोनवर विचारलं, "अरे, शाळेत तुझे डोळे तपासले नव्हते का?" तो हसला. "तपासे थे ना सर. आप ही ने तपासे थे. चौथी में."

चौथीत. म्हणजे नऊ वर्षांचा. अमेरिकेतल्या ज्या अभ्यासात 53 टक्के मुलं सुधारली, त्या वयोगटातला. मला तो दिवस अंधूक आठवतो. वरून पत्र आलं होतं, तक्ता आला होता, एका दिवसात 52 मुलं उरकून फॉर्म पाठवायचा होता. भिंतीवर तक्ता, पावलं मोजून सहा मीटरवर खडूची रेघ, एकेक मूल रेघेवर उभं. हातानं एक डोळा झाक, वाच. दुसरा झाक, वाच. पुढचा ये. "फिर तू वाचला कसा?" मी विचारलं. म्हणाला, "उंगलियों के बीच में से देखा सर. सब वैसेच देखते थे. और आधा तो लाइन में खड़े खड़े याद हो गया था." मी त्याच्या नावासमोर 'ठीक' लिहिलं असणार. 52 नावांसमोर 'ठीक' लिहिलं असणार. दोन-चार ठिकाणी 'चष्मा आवश्यक' लिहून आपण कर्तव्य केलं, असं मला त्या संध्याकाळी वाटलंही असेल.

आणि मी कोण? ज्याचा स्वतःचा डावा डोळा याच कारणानं गेला, तो मास्तर. मला तर माहीत होतं.

म्हणून डॉक्टरवर आणि पट्टेवाल्यावर लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते आहे, पण थांबवणार नाही. शिक्षकाला डोळे तपासायला लावणं वाईट नाही, आम्ही ते करू शकतो. पण तळहात कसा ठेवायचा, बोटांची फट का राहू देऊ नये, दर पाच-दहा मुलांनी तक्ता उलटा का करावा, हे शिकवणारा अर्धा दिवस तरी आम्हाला द्या. आणि तपासणी योग्य वयात लावा. शालेय नेत्रतपासणीचा भर बराच काळ वरच्या वर्गांवर राहिला, जिथं साधा लांबचा नंबर सापडतो. आळशी डोळा त्याच्या कितीतरी आधी, अंगणवाडीत आणि पहिलीत, पकडायचा असतो. 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी व्हायची सोय आहे. गाडी येते, पथक येतं. त्या दिवशी मूल गैरहजर नको, एवढं तरी पालकांनी आणि आम्ही बघायला काय हरकत आहे? आमच्या शाळेत पथकाच्या दिवशी निम्मी पोरं शेजारच्या गावात लग्नाला गेलेली असतात.

आणि जी मुलं आता मोठी झाली, त्यांचं काय? माझा हट्ट इथं आहे. मेंदूला चालना देण्याच्या या उपचाराची मोठी, प्रामाणिक, खोट्या करंटचा गट ठेवून केलेली चाचणी आपल्या देशात व्हावी. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीचं एम्स, जगात नाव असलेल्या संस्था आपल्याकडे आहेत. लहानपणी एकदाही उपचार न झालेले प्रौढ इथं जेवढे मिळतील, तेवढे कॅनडात कुठून मिळणार? उपचार चालतो असं निघालं तर सरकारी दवाखान्यात आणा. चालत नाही असं निघालं तर तेही मोठ्यानं सांगा, म्हणजे पट्टेवाल्यांची दुकानं बंद होतील. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून फी घेत नाहीत, ही गोष्ट प्रत्येकानं कागदावर लिहून खिशात ठेवावी. प्रयोग म्हणत असतील तर पैसे मागू नयेत, आणि उपचार म्हणत असतील तर पुरावा दाखवावा.

मागच्या रविवारी तो शाळेत आला. वर्ग रिकामा होता. जुना तक्ता शोधून भिंतीला लावला, टेपनं सहा मीटर मोजले. या वेळी त्याचा चांगला डोळा मी माझ्या तळहातानं झाकला. त्यानं वरचं अक्षर वाचलं, दुसऱ्या ओळीत अडखळला, तिसऱ्या ओळीशी थांबला. बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "बस सर, इतनाच है."

येत्या शनिवारी आम्ही दोघं जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेत्रविभागात जाणार आहोत. आधी त्याचा नंबर काढायचा, लेथवर घालायचा चष्मा घ्यायचा. 45 हजार त्यानं भरलेले नाहीत. गेटपाशी गाडीला किक मारताना तो वळून म्हणाला, "सर, वो असली वाला टेस्ट जब होगा, तब बताना. मैं नाम दूंगा." मी म्हटलं, दोन नावं देऊ.